बालीच्या लग्नाचे अकरा पासपोर्ट

एवढ्या वर्षांच्या नोकरीतली एकच घटना निवडायची झाली, तर लोकांना वाटतं मी चंबळच्या खोऱ्यातली एखादी चकमक सांगेन. मला मात्र एक कापडी थैली आठवते. ती थैली, तिच्यातले अकरा पासपोर्ट आणि पोलीस ठाण्याच्या बाकावर बसलेली एक बाई अजून डोळ्यांपुढून हलत नाहीत.

माझ्या निवृत्तीला आठ-नऊ महिने उरले होते. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. जानेवारीचे दिवस. सकाळची हजेरी नुकतीच संपली होती, अंगणात उन्हाला बसून हेडसाहेब, म्हणजे हेड कॉन्स्टेबल, रोजनामचा लिहीत होते. रोजनामचा म्हणजे ठाण्यात दिवसभर काय घडलं त्याची नोंदवही. फुलबागेकडून येणाऱ्या टेम्पोंचे भोंगे, कोपऱ्यावरच्या कढईतल्या कचोऱ्यांचा वास, वायरलेसची खरखर. निवृत्त झाल्यावर माणूस पद विसरतो, पण ही खरखर विसरत नाही.

तेवढ्यात दोघे भाऊ आत आले. धाकट्यांनी माझ्या छातीवरची नावाची पट्टी वाचली आणि त्यांचा चेहरा थोडा सैल झाला.

"अरे, आपलेच निघालात! मग मराठीतच सांगतो. साहेब, रिपोर्ट लिहवायची आहे. पासपोर्टची थैली चोरी होऊन गेली."

ग्वाल्हेरचं मराठी हे असंच. क्रियापदात हिंदी येऊन बसते आणि कोणाला त्याचं काही वाटत नाही.

धाकट्यांच्या मुलीचं लग्न बाली बेटावर, समुद्रकाठी, उघड्यावर होणार होतं. बारा दिवसांनी घरातले अकरा जण निघणार होते. मुलीची आई ती लहान असतानाच गेली होती. तिला थोरल्यांच्या पत्नीने, म्हणजे काकूंनी, वाढवलं होतं. मंडपात आईच्या जागी त्याच बसणार होत्या. थोरले सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. घरात कोणाचाही अर्ज, कोणताही दाखला त्यांच्या हातून जायचा, म्हणून सगळे पासपोर्टही त्यांच्याकडेच दिलेले होते.

"संशय कोणावर?" मी विचारलं.

"कामवाली बाई," धाकटे म्हणाले. "थैली गेली त्या दिवशी भाईंची खोली तिनेच झाडली आणि लवकर निघून गेली."

थोरले काही बोलले नाहीत. ते गप्प राहिले हे मी पाहिलं, पण त्याचा अर्थ तेव्हा लावला नाही. गुन्हा नोंदवण्याआधी चौकशी करू, असं सांगून मी लेखी अर्ज घेतला. निघताना धाकट्यांनी विचारलं, "थैली मिळेल ना, साहेब?" आणि थोरल्यांनी विचारलं, "एफआयआरची नक्कल कधी मिळेल?"

मी महिला आरक्षक, म्हणजे शिपाई, पाठवून त्या बाईंना बोलावून घेतलं. पंधरा वर्षं त्या घरी काम करत होत्या. अकरा वाजता त्या आल्या आणि मी कोर्टाच्या कामाला निघून गेलो. परतलो तेव्हा तीन वाजले होते. बाई बाकावर तशाच बसलेल्या. शेजारी शाळेच्या गणवेशातली त्यांची मुलगी, दप्तर मांडीवर घेऊन. आईला शोधत ती ठाण्यापर्यंत आली होती. मी दहा मिनिटं प्रश्न विचारले. बाईंची उत्तरं सरळ होती. त्यांना जायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी टोपी बाजारातला एक झेरॉक्सवाला स्वतःहून आला. चोरीची बातमी बाजारात पसरली होती.

"साहब, पाँच-छह दिन पहले बड़े भाईसाहब मेरी दुकान पर पासपोर्ट की कॉपी कराने आए थे. साथ में कोई पर्चा था. पढ़ते-पढ़ते एक पासपोर्ट खोला और वहीं सीढ़ी पर बैठ गए. मैंने पानी पिलाया. कॉपी कराए बिना ही चले गए."

तो पर्चा कसला ते मी धाकट्यांना फोनवर विचारलं आणि ते पत्रक मागवलं. मुलीने पाहुण्यांसाठी मराठीत लिहिलेलं ते दोन पानी पत्रक होतं आणि मोठ्या मायेने लिहिलेलं होतं. लग्न दुपारी चारला, सावली कमी, तेव्हा टोपी आणि पाण्याची बाटली जवळ ठेवा. वाळूत टाचा रुततात, सपाट चपला घाला. जड शालूपेक्षा सुती साडी बरी. रोजची औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, हातातल्या पिशवीत ठेवा. अनोळखी माणसाचं पाकीट नेऊ नका. कागदपत्रांच्या दोन नकला काढा आणि एक वेगळ्या पिशवीत ठेवा. दुसऱ्या पानावर शेवटी लिहिलं होतं: तिथे पोहोचाल त्या दिवसापासून पासपोर्ट निदान सहा महिने चालणारा हवा.

एफआयआरच्या नकलेच्या प्रश्नाचा अर्थ तेव्हा माझ्या लक्षात आला. हरवलेल्या पासपोर्टच्या जागी नवा काढायचा तर ती नक्कल लागते. वस्तू चोरीला गेलेला माणूस आधी वस्तू मागतो. हे गृहस्थ कागद मागत होते.

थोरल्यांना मी एकट्यांनाच बोलावलं. माझ्या खोलीत बसवलं, चहा मागवला आणि पत्रक पुढे ठेवलं.

"भाईसाहेब, जरा वाचून दाखवता का?"

पहिलं पान त्यांनी नीट वाचलं. दुसऱ्या पानाच्या शेवटी आवाज थांबला. चष्मा काढून ते पुसत राहिले.

"कोणाचा पासपोर्ट?" मी विचारलं.

"हिचा," ते म्हणाले. "मेमध्ये संपतोय. मी तीनदा तपासला होता, साहेब. लग्न फेब्रुवारीत, मग मे चालेल असं समजलो. पत्रक नंतर आलं. त्या दुकानाच्या पायरीवर कळलं की सगळे जातील आणि हीच राहील. पोरगी विचारेल, काकू कुठे आहे? आणि सगळे माझ्याकडे पाहतील. वाटलं, चोरी झाली म्हटलं की सगळ्यांचेच नवे निघतील, चूक कोणाला कळणार नाही."

"थैली कुठे आहे?"

"गणपतीच्या सामानाच्या ट्रंकेत. ती भाद्रपदाशिवाय कोणी उघडत नाही."

मला राग आला आणि त्यांची कीवही आली. मी म्हणालो, "हरवलेला पासपोर्ट नव्याने काढायला जास्त चौकशी लागते. मुदत संपत आलेला तातडीने बदलून मिळतो. खरं बोलला असतात तर आतापर्यंत अर्ज गेला असता. आज दुपारीच काकूंना घेऊन पासपोर्ट कार्यालयात जा."

ते उठले, मग दारात थांबले. "आणि त्या बाई?"

"त्यांच्याकडे आपण दोघं जाऊ."

संध्याकाळी पाचला आम्ही गेलो. मी वर्दीतच होतो. गल्लीतल्या चार लोकांनी पाहावं, ऐकावं, हा हेतू होता. थोरल्यांनी हात जोडून सगळं सांगितलं. बाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या.

"बाबूजी, आपको अपनी इज्जत प्यारी थी," त्या म्हणाल्या. "मेरी भी थोड़ी-बहुत थी." मग माझ्याकडे वळल्या. "और साहब, इन्होंने तो डर के मारे किया. आपने तो चार घंटे कुछ पूछा भी नहीं, बस बैठा दिया."

अर्ज निकाली काढताना मी रोजनामच्यात लिहिलं की वस्तू घरातच मिळाली, कोणावरही संशय उरलेला नाही. त्या बाईंचं नाव घालून ते स्पष्ट लिहिलं. पण रोजनामचा कोण वाचतं?

काकूंचा नवा पासपोर्ट आठव्या दिवशी हातात आला. लग्न झालं. परत आल्यावर त्या स्वतः पेढे घेऊन ठाण्यात आल्या. "साहेब, वाळूत अनवाणीच उभी राहिले बघा, चपलेचा सवालच नाही," असं सांगताना हसल्या आणि मग रडल्याही. घरी परतल्यावर नवऱ्याने त्यांना सगळं सांगितलं होतं. त्या बाईंकडे पेढे घेऊन त्या आधी जाऊन आल्या होत्या. बाईंनी पेढे घेतले, चहा केला, पण कामावर परत यायला नाही म्हणाल्या. काकूंनी आग्रह केला नाही.

नव्या अधिकाऱ्यांना मी हे प्रकरण सांगतो तेव्हा ते एफआयआरच्या प्रश्नाचं कौतुक करतात. माणूस काय विचारतो यावरून तो काय लपवतो हे कळतं, एवढंच ते त्यातून घेतात. ते खरं आहे, पण मी शिकलो ते वेगळं. ज्या माणसाच्या गप्प बसण्याकडे मी दुर्लक्ष केलं तो माझ्यासारखा दिसणारा, माझी भाषा बोलणारा होता. जिला मी चार तास बसवलं, तिला साधा एक प्रश्न आधी विचारणं मला जमलं नाही.

त्यानंतर निवृत्तीपर्यंत माझ्या ठाण्यात कोणालाही नुसत्या संशयावर त्या बाकावर ताटकळत ठेवलं नाही. ते जेमतेम आठ महिने होते. त्याआधीच्या सगळ्या वर्षांत तिथे कोण कोण बसलं, कोणाची मुलं शोधत आली, हे मला आता आठवायचं म्हटलं तरी आठवत नाही.