मांज्यात अडकलेला कस्तूर

सुभद्रा राणे सत्तावीस वर्षं लालबागच्या एका स्टुडिओत पासपोर्ट फोटो काढत होती. सुट्टीच्या दिवशी मात्र ती कॅमेरा घेऊन पाखरांमागे भटकायची. जानेवारीत एका सकाळी परळच्या बंद गिरणीच्या भिंतीपलीकडून शीळ ऐकू आली आणि ती जागच्या जागी थबकली. लहानपणी गावच्या व्हाळावर, ओढ्याच्या काठी, हीच शीळ ऐकली होती. शीळकरी कस्तूर! डोंगरातला हा पक्षी इथे कसा?

पक्षीनिरीक्षकांच्या ग्रुपवर तिने लिहिलं, तर जुने जाणकार हेरंब साठे म्हणाले, “ताई, फोटो नाही तर नोंद नाही.” ते तिला झोंबलं.

गिरणीचा वॉचमन बाबुराव तिच्याच गावाकडचा. तो तिला कामावर जाण्याआधी आत सोडू लागला. पाच दिवस नुसती शीळ. सहाव्या दिवशी, संक्रांतीच्या दुसऱ्याच सकाळी, शीळही नाही.

मग आवारातल्या जुन्या तळ्यावर झुकलेल्या उंबरात काहीतरी निळं चमकलं. तिने कॅमेरा डोळ्याला लावला. कस्तूरच! तिने बटण दाबलं. पक्षी उडाला आणि हिसका बसून उलटा लोंबकळला. पायात मांजा होता.

“काका, धावा! बांबू आणा!”

बाबुराव आकडीचा बांबू घेऊन आला. सुभद्रा चपला काढून तळ्यात उतरली. गाळ गुडघ्यापर्यंत आला. वर पक्षी फडफडत होता. प्रत्येक फडफडीला मांजा आणखी रुतत होता.

“फांदी वायच खाली घ्या. हळू.”

“मोडात गे ती!”

“मोडू देऊ नका. हळू म्हटलंय ना!”

फांदी कुरकुरली. हातभर अंतर उरलं तेव्हा पक्षी थंड पडला. मान लटकली. तिने ओढणी पसरली आणि पक्षी अलगद गुंडाळला. आत ठोके जाणवत होते, इतके जलद की मोजता येऊ नयेत. पर्समधल्या कात्रीने तिने दोरा कापला. मग पायाभोवतीचा वेढा एकेक करून सोडवला. पक्ष्याच्या एका बोटाला रक्त होतं, पण बोट शाबूत होतं.

काठावर येऊन तिने ओढणी उघडली. पक्षी हलला नाही. मिनिट गेलं असेल. अचानक तो उठला, उडून भिंतीवर बसला, पिसं झटकली आणि मोडक्या शेडमागे दिसेनासा झाला.

दुपारी तिने तो एकच फोटो ग्रुपवर टाकला, मांज्यासकट. साठेंचा लगेच फोन आला. “माझं चुकलं, ताई. कुठे आहे हा? उद्याच येतो.”

“या. पण कॅमेरा राहू द्या घरी, कात्री आणा. त्या उंबरात अजून खूप मांजा आहे.”

दुसऱ्या दिवशी, रविवारी, साठेंसह अकरा जण आले. दुपारपर्यंत तीन पोती मांजा निघाला. कस्तूर कुणालाच दिसला नाही.