न फुललेल्या कुरडया

समुद्रातल्या गोगलगाईचा शंख तेलात तळला तर फुलत नाही, हे मी स्वानुभवाने सांगतो.

सत्त्याऐंशी सालची गोष्ट. आम्ही तेव्हा पार्सिपनीला राहत होतो. एप्रिलच्या सुट्टीत फ्लोरिडाला गेलो आणि आमच्या दहा वर्षांच्या नेहाला किनाऱ्यावर पांढरे, विचित्र शंख सापडले. ही गोगलगाय एका जागी चिकटते आणि वाट मिळेल तशी वाढते. त्यामुळे शंखाची नीट गुंडाळी न होता गांडुळासारख्या वेड्यावाकड्या नळ्यांचा गुंता होतो. नेहा वर्गात तोंडच उघडत नाही, अशी टीचरची चिठ्ठी आली होती. सोमवारी या शंखांवर ती पहिल्यांदाच बोलणार होती, म्हणून घरात सगळे त्यांना फार जपत होते. (मी जरा कमी.)

घरी परतल्यावर रविवारी नेहाने शंख धुऊन डेकवर वर्तमानपत्रावर वाळत घातले. शेजारच्या कागदावर माझ्या बायकोने, सुनंदाने, तिच्या आईने पुण्याहून पाठवलेल्या कुरडयांना ऊन दाखवायला ठेवलं. मग दोघी मायलेकी लायब्ररीत गेल्या आणि इकडे माझे मित्र दामले चहाला आले. मी ऐटीत कुरडया तळायचं जाहीर केलं, डेकवर गेलो आणि एका कागदावरचा माल उचलून आणला. कोणत्या कागदावरचा, ते सांगायला नको!

तेलात पडून एकही फुलेना. मी आच वाढवली. घरभर मासळीचा वास सुटला, स्मोक अलार्म वाजू लागला, आणि मी झारा हलवत सासूबाईंनी गव्हाचा चीक कसा कच्चा ठेवला यावर बोलत राहिलो. दामल्यांनी भिडेखातर एक तोंडात टाकली.

"जरा कडक झाल्यात," ते गाल धरून म्हणाले.

तेवढ्यात दोघी परतल्या.

"तुझ्या आईच्या कुरडया यंदा साफ बिघडल्या," मी सुनंदाला म्हणालो.

नेहाने बशीत पाहिलं. "डॅड, यू फ्राइड माय स्नेल्स?"

एवढंच बोलून ती खोलीत गेली. मला फार वाईट वाटलं. आधीच न बोलणारी पोर, आणि तिची बोलायची सोय मी तेलात बुडवली! संध्याकाळभर शंख साबणाने घासले, पण तपकिरी रंग काही गेला नाही.

दुसऱ्या दिवशी ती ते तसेच घेऊन शाळेत गेली. दुपारी टीचरचा फोन आला. नेहा सलग पंधरा मिनिटं बोलली, मुलं हसून बेजार झाली, आता काळजी नको, असं त्यांनी सांगितलं. गोगलगाईंबद्दल एवढी माहिती तिला होती? मी भारावून विचारलं.

नाही, त्या म्हणाल्या. गोगलगाई दोन मिनिटांतच संपल्या. बाकी सगळं तुमच्याबद्दल होतं.