शांतामावशीची लेस

आमच्या घरात कुणी भुताखेताचं नाव काढलं तर बाबा त्याला भरल्या ताटावरून उठवायचे. अंगात येणं, उतारे, लिंबू-मिरची... काहीच चालायचं नाही. आम्ही बौद्ध, बाबा सरकारी ऑफिसात क्लार्क, आणि मी पुढे आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं. त्यामुळे हे लिहिताना मलाच माझा राग येतोय. पण भाचीनं पिच्छा पुरवलाय, म्हणून लिहिते.

भाची म्हणजे माझ्या ताईची मुलगी, प्रज्ञा. पुण्यात असते. तिला जुन्या लेसचं भलतं वेड — फ्रिल काय, कॉलर काय! मागच्या महिन्यात तिनं आमच्याकडची एक जुनी लेसची कॉलर डेनिमच्या जॅकेटवर घालून फोटो टाकला, आणि खाली शंभर जणींनी विचारलं, कुठून घेतली? मी आधी तिला झापलं — अगं, एवढ्या नाजूक लेसखाली साधं कापड घालावं, पांढरं किंवा गडद, तरच तिची नक्षी दिसते. मग ती म्हणाली, "मावशी, ते राहू दे. ही लेस आली कुठून ते सांग ना." तर ऐका.

ती लेस माझ्या मावशीची, शांतामावशीची. नांदेडला एका दवाखान्यात ती आया होती. तिथली एक म्हातारी नर्स नोकरी सोडून गावी परत निघाली, तेव्हा तिनं स्वतःच्या तरुणपणचा लेसचा झगा मावशीला देऊन टाकला. मावशीनं तो सगळा उसवला. त्यातून एक कॉलर काढली आणि बाह्यांसाठी दोन झालरी. या वस्तू ती पोलक्याला धावदोऱ्यानं टाचायची आणि धुवायच्या वेळी काढून घ्यायची. वर साधं सुती लुगडं. मुखेडला आमच्याकडे आली की गल्लीतल्या बाया म्हणायच्या, "मडम आली बघा!" मावशी हसायची नाही आणि चिडायचीही नाही. आम्हाला मात्र बजावायची, "दुसऱ्याचं असलं तरी आपल्या मापाचं करून घालायचं. उतरलेलं वाटाया न्हाई पायजे."

त्या झालरींची निगा म्हणजे एक सोहळाच असायचा. तांदळाची पातळ खळ, त्यात चिमूटभर कापूर. ओलेपणीच खराट्याच्या काडीवर एकेक चुणी वळवून बसवायची. नंतर तांब्यात निखारे घालून बुडानं हलकी इस्त्री. मावशी डावखुरी, त्यामुळे तिच्या चुण्या डावीकडे पडायच्या. ताई शाळेसाठी नांदेडला तिच्याकडेच राहिली होती, तिनं किती वेळा करून पाहिलं, पण तिच्या चुण्या उजवीकडेच जायच्या. मावशी म्हणायची, "राहू दे. तुझ्या लग्नातल्या झालरी मीच बसवून देते. दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायचा न्हाई."

लातूर तेव्हा नवीनच जिल्हा झाला होता. नवी ऑफिसं उघडत होती, बाबांची बदली झाली आणि आम्ही मुखेड सोडून लातूरला भाड्याच्या खोल्यांत आलो. त्याच्या आदल्या हिवाळ्यात मावशी गेली. तिनं आमचं लातूरचं घर पाहिलंच नाही. तिच्या पेटीतून मायनं एकच वस्तू मागून आणली — ही लेस.

आणि पुढच्याच उन्हाळ्यात दुष्काळ. नळ कोरडे, आड कोरडे, गल्लीत टँकर यायचा. घरात पाण्याचा नियम असा — एका पाण्यात आधी चांगले कपडे, मग मळके, मग तेच पाणी फरशीला. त्याच उन्हाळ्यात हदगावच्या मुलाशी ताईचं लग्न ठरलं. आमच्यात नवरीला पांढरं लुगडं. त्यावर मावशीची कॉलर आणि झालरी, हे ताईनं कधीचं ठरवून ठेवलेलं.

चौदा एप्रिलची जयंती जवळ आली होती. गल्लीतल्या पताका आमच्या घरी शिवायच्या, म्हणून मायनं निळं कापड आटायला बादलीत भिजत घातलं. कापड काढल्यावर खाली राहिलं निळसर पाणी. आता टाकवतंय का ते, असल्या उन्हाळ्यात? मायला वाटलं, नीळच आहे की आयती! लेस पिवळट पडलीच होती, तेवढी उजळेल. आणि तिनं मावशीची लेस त्या बादलीत बुडवली.

बाहेर काढली तर जागोजाग निळे डाग. लिंबू झालं, ताक झालं, ऊन झालं. डाग हलेना.  ताईनं लेसची घडी करून ट्रंकेत ठेवली आणि म्हणाली, "साधंच पोलकं घालते मी." तिनं भांडायला हवं होतं. मायनं त्या दिवसापासून जेवण टाकलं म्हणा ना. भाकरीचा तुकडा मोडायची आणि बसून राहायची. "बहिणीची एकच वस्तू होती, अन् ती बी मी नासवली," एवढंच पुन्हा पुन्हा. बाबा समजावून थकले. मला तर मायकडे बघवत नव्हतं.

लग्नाच्या आधीचा रविवार. भर दुपारी टँकरचा हॉर्न वाजला. घागरी घेऊन आम्ही चौघंही निघालो. दाराला कुलूप, किल्ली मायच्या कमरेला. पायरीवर एक भरलेला तांब्या ताटलीनं झाकून ठेवला होता, आल्या आल्या प्यायला. शेजारच्या दारात बानोखाला खाटेवर पडून होती. आम्ही लातूरला आल्यानंतर ती शेजारी राहायला आली होती. गुडघे गेलेले, हात थरथरणारे, तिची घागरही आम्हीच भरायचो.

घागरी घेऊन परत आलो, तर अंगणातल्या तारेवर लेस वाळत होती.

पांढरीशुभ्र. डाग नाही. कडक खळ केलेली, कडा अजून ओल्या, खाली मातीवर ओल. दाराचं कुलूप जसंच्या तसं. ताईनं झालर हातात घेतली, नाकाशी नेली. कापराचा वास येत होता. मी जवळ जाऊन पाहिलं. सगळ्या चुण्या डावीकडे.

माय बानोखालाकडे गेली. "खाला, कोण आलं होतं?"

"तुमारी बहन आई थी ना," खाला म्हणाली. "पायरी पे बैठ को सिलवटां डाल रई थी. मैं बोली, पानी तो हैच नई, कायसे धोयी? तो हँसी. मेरे झाडू की एक काडी मांगी, मैं दी."

"दिसायला कशी होती?"

"तुमारे सरीकीच. काम सब बाएँ हात से."

बाबांनी मग चौकशी सुरू केली. कुलूप ओढून पाहिलं, ट्रंक उघडली, गल्लीत विचारून आले. कुणी काही पाहिलं नव्हतं. रांजणात पाणी सकाळी होतं तेवढंच. फक्त पायरीवरचा तांब्या रिकामा, आणि ताटली बाजूला नीट ठेवलेली. तांब्याचं बूड गरम लागलं, पण त्या उन्हात काय गरम लागत नव्हतं? तेवढ्याशा पाण्यात लेस धुऊन, डाग काढून, खळ करून होत नाही, हे घरात सगळ्यांनाच कळत होतं.

"रंग कच्चा असंल. उन्हानं उडाला," बाबा म्हणाले.

"अन् खळ?" ताईनं विचारलं.

बाबांनी एक घागर उचलली. म्हणाले, "घागरी आत घ्या."

त्या रात्री माय पोटभर जेवली. तिला दुसरी भाकरी मागताना पाहून मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. विहारात ताई त्याच झालरी घालून उभी राहिली. पुन्हा टाचायलाही आम्ही कुणाला हात लावू दिला नाही, तिचं तिनंच टाचलं.

मी विज्ञानाची बाई. खालाला भास झाला म्हणावं, तर लेस आम्ही सगळ्यांनी पाहिली. कुणीतरी गुपचूप केलं म्हणावं, तर किल्ली मायजवळ, आणि त्या चुण्या घालणारं दुसरं कुणी नव्हतंच. बरं, त्या दुष्काळात दुसऱ्याच्या लेसवर कोण पाणी घालवेल? भुतावर माझा आजही विश्वास नाही. पण माझ्याकडे उत्तरही नाही, आणि आता मिळेल असं वाटत नाही.

ताई सासरी गेली. दुष्काळ आणखी कडक झाला, दात घासायचं पाणीसुद्धा मायच्या हातून मिळायचं. तरी टँकरचा हॉर्न वाजला की माय पायरीवर भरला तांब्या ठेवायचीच, वर ताटली. आम्ही परत आल्यावरही त्यातलं पाणी आम्हाला प्यायला द्यायची नाही. बाबा बघायचे आणि चपला शोधायला लागायचे.

एका रविवारी माय आधीच रांगेत जाऊन उभी राहिली होती. मी चुंबळ विसरले म्हणून घरी परत फिरले. बाबा एकटेच होते. रांजणातून वाटीवाटीनं पाणी काढून ते पायरीवरचा तांब्या भरत होते, अगदी काठोकाठ. भरून झाल्यावर त्यांनी ताटली धोतराच्या सोग्यानं पुसली आणि वर झाकली. मग मी दिसले.

"ऊन लई हाय," एवढंच म्हणाले, आणि दाराला कुलूप घातलं.