हिराकाकीची सई

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आणि माझं सगळं आपल्याला ठाऊक आहे असं समजणारी एक मैत्रीण आहे, तिलाही नाही. एकदा तिच्यासमोर चहा पिताना अगदी तोंडापर्यंत आलं होतं. मग मी साखर जास्त झाली असं काहीतरी म्हणाले आणि विषय गेला. तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. मी धीट झाले आहे म्हणून तर नक्कीच नाही.

मी वसईतल्या एका कॉलेजात मराठी शिकवते. आमच्या विद्यापीठात परदेशी अभ्यासकांसाठी एक फेलोशिप असते. सहा महिने यायचं, विभागात एक टेबल मिळतं, ग्रंथालयाचं कार्ड मिळतं, आणि मदतीला इथलाच एक सहायक. एका वर्षी जपानहून हारुका आली. तिला वसईच्या वाड्यांमधले शब्द गोळा करायचे होते. केळीच्या, भाजीच्या बागांना पूर्वी रहाटाने पाणी देत. त्या रहाटाच्या, पाटांच्या, आळ्यांच्या एकेका भागाला जुनी माणसं काय म्हणतात, ते. विभागप्रमुखांनी कॉलेजांच्या बैठकीत विचारलं, वसईकडचं कोण आहे? मी हात वर केला.

निवड चुकीची होती असं कुणी म्हणणार नाही. मी उमेळ्याची. घरात आमची जुनी बोली ऐकत वाढले आणि पोट भरते ते पुस्तकी मराठीवर. हारुका मराठी सुरेख शिकली होती, पण तीही पुस्तकातलीच. वाडीत काम करणाऱ्या बाईला ती ‘आपण केव्हापासून इथे राहता’ असं विचारायची. उत्तर गावच्या बोलीत आलं की तिला त्यातलं फारसं कळत नसे. म्हणजे माझं काम मराठीतून मराठीत भाषांतर करण्याचं. आम्ही दोघी त्यावर हसायचो. ती माझ्यावर पूर्ण विश्वास टाकायची — दुसरं काय करणार होती?

आता बाबांविषयी सांगायला हवं. मी टाळते आहे, तुमच्या लक्षात आलं असेल.

बाबा शाळेत शिक्षक होते. शाळा सुटल्यावर देवळाच्या पडवीत गावातल्या बायकांना लिहायला शिकवायचे. कितीजणी अंगठा सोडून सही करू लागल्या त्या बाबांमुळे. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी अजून गावात कुणाकडे सरकारी कागद आला की तो आधी बाबांकडे येतो. बाबांनी वाचून ‘ठीक आहे’ म्हटलं की लोक निश्चिंत होतात. मला त्याचा फार अभिमान होता. होता म्हणते — खरं तर अजूनही कधीकधी तो वाटतो, आणि मग माझीच मला लाज वाटते.

आमची जमीन रस्त्यापासून आत होती. रस्ता आणि आमची जमीन यांच्यामध्ये हिराकाकीची एक पट्टी, आणि त्या पट्टीत तिची विहीर. हिराकाकी आमची शेजारीण, नात्यातली नव्हे. नवरा लवकर गेलेला, एकच मुलगी, लता. मी कॉलेजात असताना त्या पट्टीवरून आमच्याकडे यायला रस्ता झाला. विहीर बुजवली. मग आमच्या जमिनीवर इमारत उभी राहिली. मी आज त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर, बाबांसोबत राहते. काकीने पट्टी राजीखुशीने दिली, असं आमच्या घरात म्हणत. काकी त्यानंतर आमच्याकडे कधी आली नाही. मी वीस वर्षांची होते. विचारू शकले नसते का? पण मी विचारलं नाही. काहीतरी आहे एवढं मला तेव्हाच कळलं असावं. नाहीतर पुढे मी तशी वागले नसते.

कारण जवळच्या गिरीज गावातल्या एका म्हाताऱ्या बागायतदाराने हारुकाला सांगितलं की रहाटाचं नीट ऐकायचं तर उमेळ्याच्या हिराबाईकडे जा. हारुका खूश झाली, म्हणाली, हे तर तुझं गाव. आणि मी दहा-बारा दिवस सबबी सांगत राहिले. काकीची तब्येत बरी नसते. काकीला विसरायला होतं. उन्हं जरा कमी होऊ देत. अखेर तिनेच दिवस ठरवला.

आम्ही दुपारी गेलो. काकी ओटीवर बसून केळीच्या वाळक्या सोपटाने भाजीच्या जुड्या बांधत होती. मला पाहून ती नुसती ‘ये बाय’ म्हणाली. तिला ऐकू कमी यायचं, जवळ जाऊन मोठ्याने बोलावं लागे. हारुकाने रेकॉर्डर मध्ये ठेवला. पहिला अर्धा तास सुरेख गेला. काकी रहाटाचे भाग सांगत होती, हाताने चाक फिरवून दाखवत होती, मी सांगत होते, हारुका भराभर लिहीत होती. मला वाटलं, उगीच घाबरले होते.

मग हारुकाने विचारलं, आता पाणी कुठून घेता? मी प्रश्न काकीला बोलीत सांगितला. काकीचे हात थांबले. तिने जुडी खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहत बोलू लागली. ती आमच्या बोलीत बोलत होती; इथे मी ते सगळ्यांना कळेल असं लिहिते. पाणी गेलं, ती म्हणाली. कसं गेलं ते हिला सांग. तुझ्या बाबांनी एक दिवस कागद आणला, विहिरीवर विजेची मोटार बसवायची आहे, त्याचा अर्ज आहे म्हणाले. मी कागद वाचायचा प्रयत्न केला, मला जमेना, मी फक्त नाव लिहायला शिकले होते. म्हटलं, मास्तरांनी वाचलाय ना. सही केली. मोटार आली नाही. पावसाळ्यानंतर माती भरलेले ट्रक आले. मी तुझ्या बाबांकडे गेले तर ते म्हणाले, हिराबाई, तुम्हीच तर सही केलीत.

आणि मग ती जे म्हणाली ते मला तिच्याच शब्दांत आठवतं.

“तुझ्या बापानं मला सई शिकवली. नि तीच सई घेऊन माझं पानी नेलं. कोनी विचारलं नाय. तू त्याची पोर, तुझ्याच तोंडून हिला कळू दे.”

सही म्हणजे काकीच्या तोंडी सई.

ती थांबली. दोघी माझ्याकडे बघत होत्या. आणि मग मी हारुकाकडे वळून शांतपणे, हळू आवाजात सांगितलं की विहीर बुजल्यावर शेजारच्या पंपावरून पाणी घ्यावं लागतं, आणि पूर्वी पाटाचं पाणी कसं वळवत ते त्या सांगताहेत. वाक्य नीट जुळलं. मला स्वतःला आश्चर्य वाटलं, इतकं नीट जुळलं.

पण हारुका हुशार होती. तिने वहीतून डोकं वर काढलं आणि विचारलं, “त्या ‘सई’ म्हणाल्या, पुन्हा पुन्हा. सही ना? स्वाक्षरी?”

इथे मी थांबू शकले असते. ती मला हात धरून खऱ्या उत्तरापर्यंत घेऊन आली होती. नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं.

मी तशाच हळू आवाजात म्हणाले, “नाही. आमच्याकडे सई म्हणजे पाटाचं तोंड. पाणी वळवायला जिथे माती बाजूला करतात ना, ती जागा.”

असा शब्द नाही. आमच्या बोलीत नाही, कुठेच नाही. मी तो त्या ओटीवर, त्या क्षणी बनवला. हारुकाने तो वहीत लिहिला आणि खाली दोन रेघा मारल्या — तिला नवा शब्द मिळाला की ती अशा रेघा मारायची.

काकीने मला विचारलं, “सांगितलंस?”

मी हो म्हणाले.

“समदं?”

“सगळं.”

हारुका पुढे झाली आणि तिच्या पुस्तकी मराठीत काकीला मोठ्याने म्हणाली की तुम्ही फार मोलाची माहिती दिलीत, मी हे सगळं लिहिणार आहे. एवढं मात्र काकीला ऐकू आलं आणि कळलं. तिने हारुकाचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

भीतीने तोंडून निघून गेलं, असं म्हणता आलं असतं. पण रेकॉर्डिंग उतरवून काढण्याचं कामही माझ्याकडेच होतं. त्यासाठी मी दोन दिवस घरी टेबलाशी बसले. काकीचा आवाज कानात, आणि कागदावर मी दुसरंच लिहीत होते — तिच्या वाक्यांइतकीच लांब वाक्यं, तिच्याच बोलीत, पाणी आणि पाट आणि केळी यांच्याविषयी. जिथे ती श्वास घेते तिथे मी पूर्णविराम दिला. इतकं काळजीपूर्वक काम मी माझ्या प्रबंधावरही केलं नव्हतं. त्या दोन दिवसांत कुणीही मला घाबरवत नव्हतं.

त्याच आठवड्यात जेवताना बाबांनी विचारलं, “हिरा काय म्हणाली?”

“रहाटाबद्दल बोलली,” मी म्हणाले.

बाबा ताटाकडे बघत होते. “तिला जुनं बरंच आठवतं,” ते म्हणाले, आणि त्यांनी आमटी वाढायला सांगितली. आम्ही त्यावर पुन्हा कधी बोललो नाही. काकी काय बोलली असणार ते त्यांना कळलं, आणि मला ते कळलंय हेही त्यांना कळलं. मी वाढलं. त्या क्षणी आम्ही दोघं एका बाजूला झालो.

हारुका परत गेली. दोन वर्षांनी तिच्या विद्यापीठाने मला बोलावलं. तिथेही तशीच फेलोशिप, आणि या वेळी परदेशी अभ्यासक मी. माझं नाव दारावरच्या पाटीवर लिहिलं होतं. गावात सत्कार झाला. बाबांनी भाषण केलं. काकी आली नव्हती, पण लताकरवी तिने नारळ पाठवला.

तिथे एका चर्चासत्रात हारुकाने काकीचं रेकॉर्डिंग लावलं. तीस-पस्तीस माणसं, सगळी लक्ष देऊन ऐकणारी. पडद्यावर माझ्या मजकुराचं भाषांतर सरकत होतं, आणि खोली काकीच्या आवाजाने भरून गेली. तुझ्या बापानं मला सई शिकवली. माझ्यापासून चार हातांवर ती बोलत होती. त्या खोलीत तिचं बोलणं कळणारी मी एकटी होते. नंतर पांढऱ्या केसांचे एक प्राध्यापक उठले आणि म्हणाले की या बाईंच्या आवाजात इतकी तळमळ आहे, ती पाण्याविषयी आहे का? त्यांना अर्थ कळला नव्हता, पण आवाज कळला होता. हारुकाने उत्तरासाठी माझ्याकडे पाहिलं. मी उभी राहिले आणि शेती गेल्याचं दुःख, बदलतं गाव, असं काहीतरी दहा मिनिटं बोलले. टाळ्या वाजल्या.

परत आल्यावर मी काकीकडे गेले. का गेले ते नाही सांगता येत. ती खाटेवरच होती, बरीच खंगली होती. तिने एवढंच विचारलं की तिकडच्या लोकांनी ऐकलं का. मी म्हणाले, हो काकी, खूप लोकांनी ऐकलं. ती हसली. म्हणाली, बरं झालं, कुठंतरी लिहून राहिलं. मी तिच्या उशाजवळ बसून होते आणि तिचा हात माझ्या हातात होता. तेव्हाही सांगता आलं असतं. ती त्यानंतर महिनाभरात गेली.

हारुकाचं पुस्तक गेल्या वर्षी आलं. मजकूर जपानीत, पण शेवटी शब्दांची यादी आहे, देवनागरीत, आणि प्रत्येक शब्दापुढे तो सांगणाऱ्याचं नाव. लताला कुठूनसं कळलं. एका सकाळी ती घरी आली आणि म्हणाली, ताई, आई सारखी सांगायची की तिचं म्हणणं छापून येणार, मला एकदा दाखवा. आईने मला नेमकं काय सांगितलं ते लताला माहीत नव्हतं. काकीने तिला एवढंच सांगितलं होतं की पुस्तक आलं की वाच.

बाबा आतल्या खोलीत होते. मी पुस्तक काढलं आणि यादीचं पान उघडून तिच्यापुढे ठेवलं. ती बोट ठेवून आईचं नाव शोधू लागली. सापडलं की प्रत्येक वेळी माझ्याकडे बघायची. रहाटाचे शब्द तिने वाचले, तिला ते ठाऊक होते. मग तिचं बोट एका ओळीवर थांबलं. तिने मोठ्याने वाचलं — सई, पाटाचं तोंड.

“हा आईचा शब्द?” तिने विचारलं.

“हो.”

“मी इतकी वर्षं तिच्याबरोबर पाणी धरलं, कधी ऐकला नाही.”

“जुना आहे,” मी म्हणाले. “त्यांच्या पिढीचा.”

तिने मान हलवली. आईचं आपल्याला किती माहीत नव्हतं, असं काहीसं ती पुटपुटली. मग तिने पदराने हात पुसले, ते पान दोन्ही हातांनी उचललं आणि कपाळाला लावलं. मी समोर उभी होते. मी तिला लावू दिलं.

हारुकाला मी अजून काहीही कळवलेलं नाही. मूळ रेकॉर्डिंग तिच्या विद्यापीठात आहे, आणि त्यासोबतच्या मजकुराखाली माझं नाव आहे.