राजेश्वरीसाठी रडलेले रसूलभाई

सांगलीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी रसूलभाईंचं सायकलचं दुकान आहे. माणूस मोजकं बोलणारा. चाक फिरवायचं आणि ते थांबेपर्यंत बघत राहायचं, एवढीच त्यांची करमणूक. त्यांची मुलगी अर्शिया कॉलेजात असताना सायकलींच्या शर्यतीत उतरायला लागली आणि तिथं तिची राजेश्वरीशी गाठ पडली.

राजेश्वरी कडेगावकडची, ऊसवाल्या घरातली, नोकरीसाठी सांगलीत राहायची. पोहणं, सायकल आणि पळणं एका दमात पुरं करायचं, अशी ती ट्रायथलॉनची लांब शर्यत दोघींनी मनावर घेतली. अर्शियाला पोहता येत नव्हतं. राजेश्वरीनं तिला आपल्या मळ्यातल्या विहिरीत, पोटाखाली हात धरून शिकवलं. इकडं राजेश्वरीच्या सायकलीचं सगळं रसूलभाई बघायचे. ती दुकानात आली की रसूलभाईंची बायको साबेराभाभी तिला जेवल्याशिवाय सोडायच्या नाहीत. "मला दोन पोरी हायत," असं रसूलभाई गिऱ्हाइकांना सांगायचे. ते नुसतं बोलणं नव्हतं.

शर्यत कोयनानगरला होती. मी माझ्या गाडीतून रसूलभाईंना घेऊन गेलो. पहाटे सगळे धरणाच्या पाण्यात उतरले. काठावरून नुसत्या रंगीत टोप्या दिसत होत्या.

"आप्पासो, आपली कुठली वो यातली?" रसूलभाईंनी मला विचारलं. मला तरी काय कळणार? पुढं सायकली घाटाला लागल्या आणि आम्ही शेवटाच्या कमानीपाशी जाऊन उभे राहिलो.

दुपारनंतर माणसं येऊ लागली. एक जण कमान ओलांडून तिथंच खाली बसला आणि "संपलं का?" असं विचारत राहिला. एका पन्नाशीच्या गृहस्थाच्या पायात गोळे आले होते. तो तिरका तिरका चालत होता आणि दोरीच्या बाहेरून त्याची बायको त्याच्याबरोबर चालत होती. शर्यतीच्या नियमानं त्याला हात लावायची तिला परवानगी नव्हती. रसूलभाई प्रत्येकाला टाळ्या वाजवत होते. "आपली कोन लागत न्हाईत ही माणसं," ते म्हणाले, "पर टाळी थांबवावी वाटंना बघा."

तेवढ्यात वळणावर राजेश्वरी दिसली. बायकांत पहिली. चेहरा घामाच्या मिठानं पांढरा पडलेला, पाय कसेबसे उचलत होते. रसूलभाईंच्या हातून टाळीच वाजेना. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं. त्यांची आई गेली तेव्हाही मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं. राजेश्वरी आमच्याजवळ आली तशी त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"अर्शिया कुठं हाय, पोरी?"

"मागं असेल, चाचा. मला दिसली नाही."

मग आम्ही वाट बघत राहिलो. ऊन डोंगराआड गेलं. खूप उशिरानं अर्शिया आली, एका पिकल्या केसांच्या माणसाबरोबर. कराडचे शाळामास्तर होते ते, शर्यतीतलेच. अर्शियानं कमान ओलांडली आणि बापाच्या गळ्यात पडली. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. घाटात तिची ट्यूब दोनदा फुटली. जवळची जादाची ट्यूब पहिल्याच वेळी संपली होती. एकीची संपली तर दुसरीनं द्यायची, असं दोघींचं आधीपासून ठरलं होतं. राजेश्वरी मागून आली. अर्शियानं हाक मारली. राजेश्वरीनं मान वळवून बघितलं आणि निघून गेली. पुढं किती तरी वेळानं हे अनोळखी मास्तर थांबले आणि त्यांनी आपली ट्यूब दिली.

रसूलभाई सरळ राजेश्वरीपुढं जाऊन उभे राहिले. आवाज चढवला नाही.

"ती दिसली न्हाई तुला?"

तिनं मान खाली घातली. "दिसली, चाचा. थांबले असते तर मागची पुढं गेली असती. माझं लग्न ठरलंय. परत कोण मला पळू देणार?"

"मग तसं सांगायचं हुतं. खोटं कशाला?"



गाडीत अर्शिया मागच्या सीटवर झोपून गेली. पाटण मागं पडल्यावर रसूलभाई म्हणाले, "ती थांबली न्हाई, ते मी सोसलं असतं. पर मी तिच्यासाठी रडलो वो, आप्पासो. पोर घाटात अडकून पडलीया हे तिला ठावं हुतं, आन् ती उभी राहून माझं रडणं बघत हुती."

लग्नाआधी राजेश्वरी दुकानात आली. रसूलभाईंनी तिला बसायला खुर्ची दिली आणि म्हणाले, "ताई, पुढच्या चौकात नवीन दुकान झालंय. सायकल तिथं दाखवत जावा." पोरीऐवजी ताई हा शब्द ऐकून ती बसलीच नाही, सायकल ढकलत निघून गेली.

अर्शिया मात्र लग्नाला गेली. "मी माफ केलं, अब्बा. मग तुम्ही का धरून बसलाय?" असं तिनं विचारलं.

"तुझं तू केलंस. माझं मला न्हाई जमत."

पुढच्या वर्षी अर्शिया पुन्हा शर्यतीत उतरली. रसूलभाईंनी तिची सायकल रात्र रात्र जागून तयार केली, पण कोयनेला आले नाहीत. "परत त्या कमानीपाशी उभं राहायचं न्हाई मला," एवढंच म्हणाले. मी एकटाच गेलो. ती कमानीतून आली तेव्हा मी त्यांना फोन लावला आणि ती कशी हसत आली ते सांगू लागलो.

"बरं झालं," ते म्हणाले. "तिला पानी द्या." आणि त्यांनी फोन ठेवला.