अक्काचा पासवर्ड

माझं काम नेमकं काय, हे माझ्या सासरी कुणाला कधी धड सांगता आलं नाही. धुळ्याचे माझे थोरले दीर, ज्यांना सगळं घर नाना म्हणतं, ते आल्या-गेल्या पाहुण्याला सरळ सांगायचे, "आमच्या घरची धाकली सून. जळगावला बसून लोकांची कुलपं फोडते." पाहुणे माझ्याकडे टकामका बघायचे आणि मी निमूट चहाचे कप उचलायचे. अहो, कंपन्या मला आपणहून बोलावतात, आमच्या माणसांचे पासवर्ड किती कच्चे आहेत ते तपासून द्या म्हणतात, रीतसर परवानगी देतात, हे सगळं नानांना सांगून माझ्या तोंडाला फेस आला. पण 'कुलपं फोडते' म्हटलं की समोरचा दचकतो ना, मग नानांना आणखी काय हवं?

नानांची बायको म्हणजे माझी थोरली जाऊ. तिला सगळे अक्का म्हणतात. पोटची मुलं, दीर, शेजारपाजार, भाजीवाली, सगळे. थोरल्या जावेला अहो-जाहो करायची आमच्यात रीत आहे. मला ती महिनाभरसुद्धा जमली नाही, मी 'अक्का, तू'वर आले आणि तिने ते हसून खपवून घेतलं. आवाज असा खणखणीत की श्रावणात कानबाई देवी बसली की तिने सूर लावल्याशिवाय गल्लीतल्या बायका गाण्याला तोंड उघडायच्या नाहीत. बोलायची फक्त अहिराणी. मुलाचा जुना लॅपटॉप घरात पडून होता, त्यावर ती दुपारी दार लावून गाणी म्हणून ठेवायला लागली. कानबाईची, लग्नातली, हळदीची, आठवतील तशी.

त्यातलं एक गाणं घरातल्याच कुणीतरी नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं आणि खाली कुणीतरी दात काढून हसणाऱ्या चित्रांची रांग लावली. अक्काचं डोकं फिरलं, तिने ते गाणं सगळ्यांच्या फोनमधून पुसायला लावलं. पुढच्या वेळी मी धुळ्याला गेले तेव्हा लॅपटॉप माझ्या मांडीवर आपटून म्हणाली, "माले कुलूप लावानं शिकाड." मी शिकवलं. सगळ्या गाण्यांचं एक गाठोडं करायचं, त्याला पासवर्ड लावायचा आणि बाहेरच्या सुट्या प्रती पुसून टाकायच्या. आणि शब्द असा ठेवायचा की घरातल्या कुणालाही सुचणार नाही. ती तीन-चारदा "कोनलेच नही सुचाव" असं म्हणत राहिली आणि मला पाठ करून बसायला सांगून तिने तो टाइप केला. मोठी गुणी विद्यार्थिनी!

मग तिला झटका आला. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. अंग हळूहळू परत आलं, काठी घेऊन दोन खोल्या चालायला लागली. बोलणं मात्र नाही. काय कळतं, काय नाही, तेही समजेना. "अक्का" म्हणून हाक मारली तर खिडकीकडे बघत राहायची. नाना अख्ख्या जन्मात जे म्हणत आले ते "अवं, आयकं का?" म्हणायचे, तर त्यांच्याकडेही बघायची नाही. ज्या बाईने घर आवाजावर चालवलं त्या घरात आता मिक्सर लावला तरी दचकायला व्हायचं. मला तिथे बसवत नसे, खरंच सांगते.

बोलण्याचे व्यायाम घ्यायला एक डॉक्टरीणबाई यायच्या. त्यांनी विचारलं, या गायच्या का? कधीकधी बोलणं जातं पण गाणं आत शिल्लक राहतं म्हणाल्या. त्यांच्याच आवाजातली गाणी असतील तर रोज ऐकवा, पण उशीर करू नका, सुरुवातीचे महिने हातातून गेले की मग फार कठीण. नानांनी आधी मोबाइलवर भजनं लावून पाहिली. अक्काने तोंड फिरवलं. मग त्यांनी मला फोन केला. नेहमीची थट्टा नव्हती आवाजात. "पोरी, कुलपं फोडतेस ना? मग तेवढं एक फोडून दे."

मी गेले तर घरच्यांनी अक्कापुढे लॅपटॉप मांडून तिची परीक्षाच चालवली होती. "टाइप कर ना अक्का, आठव ना." तिचं बोट अक्षरांवरून भरकटत होतं, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. माझं टाळकंच सटकलं. म्हटलं, उठा सगळे इथून, तिला आठवत नाही असं नाही, तिला ते बाहेर काढता येत नाही, एवढं कळत नाही का? सगळे गेल्यावर मी तिच्यापाशी बसले आणि विचारलं, "अक्का, मी उघडू का? तुझं आहे ते. तू नको म्हणालीस तर हात लावणार नाही." मग तिने डावा हात लॅपटॉपवर ठेवला आणि तो माझ्याकडे सरकवला. तेवढं मला पुरे होतं.

आता मी काय केलं ते सांगते, आणि नानांना सांगितलं तसंच सांगते. संगणक तुमचा पासवर्ड जसाच्या तसा ठेवत नाही. तो दळतो आणि पीठ तेवढं ठेवतो. तुम्ही पुन्हा शब्द टाकलात की पुन्हा दळून बघतो, पीठ जुळलं तर दार उघडतं. पिठाचे दाणे परत करता येत नाहीत. पण जगातले नेहमीचे दाणे आधीच दळून, कुठलं पीठ कशाचं याची मांडणी करून ठेवता येते. आमच्या धंद्यात असे आयते तक्ते असतात. लॅपटॉपवर मुलाचं स्वतःचं जुनं खातं होतं, त्याचं कुलूप तो केव्हाच विसरला होता, ते मी नमुना म्हणून अशा तक्त्यावरच उघडलं. नानांचा चहा गाळून व्हायच्या आत. त्याच्या पोराचं लाडाचं नाव निघालं. नानांनी कौतुकाने मान हलवली आणि मीही जरा फुशारले.

गाठोड्याचं कुलूप मात्र आमच्याकडच्या कळण्याच्या भाकरीच्या पिठासारखं निघालं. कळण्याला ज्वारी-उडदाबरोबर मीठही गिरणीतच दळतात आणि प्रत्येक घरचं मिठाचं प्रमाण वेगळं. पासवर्डातही असं चिमूटभर काहीतरी मिसळतात, आम्ही त्याला मीठच म्हणतो. दर कुलपाला वेगळं. मग आयते तक्ते चुलीत घाला. त्या एका मिठासकट एकेक शब्द नव्याने दळून बघायचा, दुसरा उपाय नाही. "मंग कितला दिन लागतीन?" नानांनी विचारलं. मी म्हटलं, मशीन लावते. आणि गाठोड्याची प्रत घेऊन जळगावला आले.

मशीन म्हणजे मेहरूण भागातल्या आमच्या घरातला कोपऱ्यातला डबा. त्यात मुलं खेळांसाठी घेतात तसली दोन ग्राफिक कार्डं आहेत. एका कार्डात हजारो बारक्या गिरण्या एकदम चालतात असं समजा. चालतात आणि तापतात. वैशाखातलं जळगाव, बाहेर रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, आणि मी घरातला एकुलता एक कूलर त्या डब्याकडे वळवून ठेवलेला. नवरा उघडाबंब बसून म्हणायचा, "माणसं उकडली तरी चालतील, कार्डं गार राहिली पाहिजेत. मागच्या जन्मी कार्ड व्हायला हवं होतं मी." मी म्हणायचे, वहिनी कुणाची आहे? मग स्वतःच उठून कूलरमध्ये पाणी ओतायचा.

जगभरच्या शब्दांच्या याद्या दळून झाल्या. इंग्रजी शब्द, देवांची नावं, क्रिकेटवाले, सिनेमे, तारखा. काही नाही. छोट्या शब्दांची सगळी जुळवणी करून पाहिली, तीही वाया गेली. मी कपाळाला हात लावला. लांब शब्द अक्षर-अक्षर जुळवत बसायचं म्हणजे माझे सात जन्म पुरले नसते. आणि दिवस तर चालले होते. डॉक्टरीणबाईंचं ते 'उशीर करू नका' माझ्या कानात बसलं होतं, भाकरी थापताना, भांडी घासताना, सारखं. मला भीती वाटत होती की अक्का आता अशीच राहणार.

मग एकदा त्या याद्या डोळे उघडून वाचल्या आणि माझी मलाच चीड आली. 'मी तुझ्यावर प्रेम करतो' शंभर तऱ्हांनी होतं, पण भरीत नव्हतं. शेवभाजी नव्हती, कानबाई नव्हती. धुळ्याजवळचं सोनगीर नव्हतं. अक्कासारखी बाई तिथे कुठून सापडणार? मी ठरवलं, आपली यादी आपणच करायची. नानांना फोन लावला, म्हटलं, तुमच्या घरातलं सगळं सांगा. नाना तासतासभर सांगायचे. कुलदैवत, आत्या-मावश्यांची गावं, विहिरींची नावं, पहिल्या बैलजोडीची नावं, कुत्र्याचं नाव, अक्काला आवडणारं लुगड्याचं वाण. माझी आई रावेरकडची, केळीवाल्यांतली. तिला म्हटलं, जुन्या बायकांची नावं सांग, आता कुणी ठेवत नाही तसली. मला वाटलं, अक्काने आपल्या आजीचं नाव घातलं असेल. आई म्हणाली, "ती काय नावं होती? पोरगी नको म्हणून ठेवलेली, दगडधोंडे नुसते," आणि एका दमात ढीगभर सांगून मोकळी झाली. मी सगळं इंग्रजी अक्षरांत लिहिलं, जसं अक्का लिहील तसं, आणि मशीनला सांगितलं, दोन-दोन शब्द जोडून दळ.

दुसऱ्या दिवशी दुपारी कपडे वाळत घालून आत आले तर पडद्यावर उत्तर येऊन पडलं होतं. आईने सांगितलेलं एक जुनं, ओबडधोबड नाव आणि त्याला जोडून अक्काच्या माहेरच्या गावाचं नाव. ते मी इथे लिहिणार नाही. आजीचंच असणार, मी मनात म्हटलं, आणि आनंदाने एवढ्या मोठ्याने ओरडले की नवरा अंघोळ टाकून बाहेर आला.

सकाळची बस धरून धुळ्याला गेले. अक्का पलंगावर बसली होती, खिडकीकडे तोंड करून. नाना कोपऱ्यात खुर्चीवर. मी लॅपटॉप उघडला आणि टाइप करायला लागले. टाइप करताना पुटपुटायची मला खोड आहे. ते नाव मी मोठ्याने म्हटलं.

"ओ," मागून आवाज आला.

मी वळले. अक्का माझ्याकडे बघत होती. सरळ, डोळ्यांत डोळे घालून. मला वाटलं भास झाला. मी ते नाव पुन्हा घेतलं, या खेपेला तिच्याकडे बघून.

"ओ," अक्का म्हणाली. फाटल्यासारखा, घोगरा आवाज, पण तिचाच.

मी नानांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला होता. हळूच म्हणाले, "हाई तिनं माहेरनं नाव शे." आईबापांनी ठेवलेलं. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवीन नाव लिहायचं, तो कार्यक्रम नानांनीच पार पाडला होता, त्यांच्या आईने सुचवलेलं चांगलंसं नाव लिहून. साखर वाटली गेली. ते नवीन नाव कागदांवर गेलं, मुलं झाल्यावर घरात अक्का झालं, आणि जुनं तांदळाखालीच राहिलं. तिचे आईबाप गेले, भाऊ गेला, हाक मारणारं कुणी उरलं नाही.

मला इतका राग आला! "नाना, बैलांची नावं सांगितलीत मला. कुत्र्याचं सांगितलंत. काखेत कळसा होता तुमच्या!"

"ध्यानमा नही उनं वं," नाना म्हणाले. लक्षातच आलं नव्हतं त्यांच्या. मग उठले, पलंगापाशी गेले, आणि ज्या माणसाने आयुष्यभर बायकोला 'अवं'पलीकडे कधी हाक मारली नाही त्याने तिच्या शेजारी बसून ते नाव घेतलं. अगदी हळू, चुकायला नको अशा बेताने.

"ओ," ती म्हणाली, आणि तिने त्यांचा हात धरला. नानांना हुंदका आवरेना. मी स्वयंपाकघरात पळाले आणि ओट्याला टेकून पोटभर रडून घेतलं.

गाणी आम्ही संध्याकाळी लावली. दुसऱ्या कडव्याला तिचे ओठ हलायला लागले. शब्द यायला पुढे बरेच दिवस गेले, सगळे अजूनही आलेले नाहीत. पण आता हाक मारली की ती ओ देते. गल्लीतल्या बायका, नातवंडं, भाजीवालीसुद्धा तिला त्याच नावाने हाक मारायला लागली आहे.

मी ज्या कंपन्यांत जाते तिथे शेवटी सगळ्यांना ठणकावून सांगते, की फुटलेला पासवर्ड लगेच बदला, एकदा चारचौघांत गेला की तो कामाचा राहिला नाही. परवा नानांनीच विचारलं, "पोरी, आते हाई सगळास्ले माहीत पडी गयं. बदलना पडी का?"

मी म्हटलं, नाही नाना. एकदा बदललं होतं, तेवढं पुरे.