खिडकीतून जाणारा डबा

दुसऱ्याच्या पिशवीत काय आहे हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. ही खोड वाईट आहे, हे घरात सगळ्यांनी सांगून झालंय. पण रोज एकाच बसनं कामाला जायचं, तीच माणसं बघायची आणि काहीच विचारायचं नाही, हे मला जमत नाही. त्यामुळे कृष्णातनं मला चार वर्षं छळलं, असंच म्हणायला हवं.

मी राजारामपुरीतल्या एका शाळेत क्लार्क. कृष्णात उद्यमनगरातल्या कारखान्यात लेथ मशीनवर. आम्ही दोघंही फुलेवाडीच्या पलीकडच्या एकाच गावचे, आणि बस साडेआठची. कृष्णात म्हणजे पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा, बोलायला कंजूष माणूस. बस कितीही रिकामी असली तरी तो बसणार डाव्या हाताच्या दुसऱ्या खिडकीशी, मांडीवर कापडी पिशवी घेऊन. रंकाळा मागं पडून बस शिवाजी पेठेत शिरली की तो काच सरकवायचा. थांब्यावर खांबाला धरून पांढऱ्या टोपीतले एक म्हातारे उभे असायचे. खालून रिकामा डबा वर यायचा, वरून भरलेला खाली जायचा. दोघांपैकी एकानंही कधी तोंड उघडलं नाही.

बसनं गावाकडून डबा पाठवणं आमच्याकडं नवं नाही. शिकायला राहिलेल्यांचे, तालमीतल्या पैलवानांचे डबे असेच शहरात येतात. पण डबा देताना माणूस ‘आज वांगं केलंय’ एवढं तरी म्हणतो. हे दोघं मुके. एकदा न राहवून मी विचारलं, “कुणाचा ओ डबा?”

“भावाचा,” कृष्णात म्हणाला आणि बाहेर बघत बसला. माझी उत्सुकता कमी व्हायची ती दुप्पट झाली.

मग एका सोमवारी फुलेवाडीच्या नाक्यावर बस सरळ न जाता उजवीकडं रिंग रोडला वळली. कृष्णात उठून उभाच राहिला.

“ओ, कुठं निगालायसा?”

“मार्ग बदललाय पावणं,” कंडक्टर म्हणाला. “आजपासनं रिंग रोडनं. शिवाजी पेठ बंद.”

“कुणाला इचारून?”

“कागद लावलाय की थांब्यावर.”

लावला होता खरा. पण त्यावर लगेच फुटबॉल सामन्याचं पोस्टर चिकटलं होतं. तसंही आमच्या थांब्यावर कागद वाचायची पद्धत नाही, शेजारच्याला विचारतात. शेजारच्यालाही पत्ता नव्हता. बसमधले बाकीचे मात्र खूश झाले. पेठेतली गर्दी चुकली, वीस मिनिटं वाचणार. खोटं कशाला बोलू, मीही खूश झाले. फक्त कृष्णात पिशवी पोटाशी धरून बसला होता.

“उतरा की,” मी म्हणाले. “रिक्षानं जाऊन देऊन या.”

“आन् काय म्हनून दिऊ?”

“म्हणजे?”

“खिडकीतनं दिलं की बोलाय लागत न्हाय, म्याडम. दारात गेलं की बोलाय लागतंय.”

त्या वाचलेल्या वीस मिनिटांत मला सगळं कळलं. ते म्हातारे म्हणजे त्याचे थोरले भाऊ, आण्णा. वयात चौदा वर्षांचं अंतर, बाप लवकर गेला, कृष्णातला आण्णांनीच कामाला लावलं. कृष्णातच्या मुलीच्या लग्नात मांडवात कुणीतरी पुढारी आला आणि मानाचा पहिला फेटा त्याला बांधला गेला. दुसरा व्याह्यांना. आण्णांचा नंबर तिसरा लागला. आण्णा उठले आणि न जेवता घरी गेले. कृष्णात समजूत काढायला गेला नाही, कारण त्याच्या मते चूक फेटेवाल्याची होती. दोन महिन्यांनी आण्णांची बायको गेली. मूलबाळ नाही. तेव्हा कृष्णातच्या बायकोनं कुणालाही न विचारता डबा सुरू केला, त्यातच दोन्ही वेळचं. लग्नात एक घास न खाल्लेला माणूस चार वर्षं त्याच घरचं जेवत होता, आणि तरी दोघांचा अबोला शाबूत होता. धन्य आहेत, असं मी मनात म्हणाले.

“फोन करा मग.”

“मी केल्याला त्येनी उचलायचं न्हाईत.”

मंगळवारी तो बसमध्ये चढला तोच उतरलेल्या तोंडानं. “काल डबा तसाच परत नेला,” त्यानं स्वतःहून सांगितलं. “मंडळीनं मला ताट वाढलं न्हाय. म्हनाली, आदी तिकडं पोचवा, मग हितं जेवा.”

फुलेवाडी आली. कृष्णात उठला, बसला, परत उठला. ज्यानं आधी बोलायचं तो हरला, असा त्यांचा हिशेब होता, आणि न बोलावं तर म्हातारा आजही उपाशी. मी त्याची पिशवी उचलली आणि खाली उतरले. तो मागून आला. हे मी चांगुलपणानं केलं असं कुणाला वाटेल, पण निम्मी तरी नुसती उत्सुकताच होती.

रिक्षा पेठेत पोचली. आण्णा थांब्याशेजारच्या दुकानाच्या पायरीवर बसले होते, मांडीवर घासलेला रिकामा डबा. हातात काठी. डावा पाय एवढा सुजलेला की चप्पल बसत नव्हती, ती सुतळीनं बांधली होती.

“कालबी अकरापत्तर बसल्यालं,” दुकानदार आम्हाला म्हणाला. “गल्लीच्या टोकाला ऱ्हात्यात, पर हितवर याला अर्धा तास लागतोय त्यास्नी.”

कृष्णात रस्त्यातच थांबला. “चार वरसं मी ह्येंची टोपीच बगितली,” तो माझ्याकडं न बघता म्हणाला. “पाय कदी दिसलाच न्हाय.”

माझ्याकडून पिशवी घेऊन तो पुढं गेला आणि आण्णांसमोर उकिडवा बसला. एकानं नजर खाली घातली, दुसऱ्यानं काठीकडं बघितलं. मग कृष्णातच बोलला.

“आण्णा, उद्यापासनं हितं येऊ नगासा.”

आण्णांचा चेहरा पडला. मग त्यांनी रिकामा डबा पुढं केला. “बरं. ह्यो घिऊन जा मग. तुज्या घरातला हाय.”

“तसं न्हाय ओ. बस आता हिकडनं जात न्हाय. मी पैली गाडी धरून घरात आनून देतो.”

“जिना हाय घराला.”

“चढतो की.”

कृष्णातनं पिशवीतला भरलेला डबा त्यांच्या मांडीवर ठेवला. आण्णांनी त्याचं झाकण चाचपलं. डोळे पुसले नाहीत, वाहू दिले.

“मग एकट्याचं आनू नगंस,” ते म्हणाले. “दोघांचं आन.”